मोहाची स्पर्धा का नाही?

परवा कोलोराडोहून भाच्याचा फोन आला. गडी भलताच खुशीत. "मामा, घरी केलेल्या बिअरला स्पर्धेत बक्षीस मिळालं!" तिकडे म्हणे लोक आपापल्या बाटल्या घेऊन येतात, परीक्षक चव घेऊन गुण देतात, वर जत्रा असते ती वेगळीच. शेवटी म्हणाला, "आलापल्लीत अशी स्पर्धा झाली असती तर काय मजा आली असती!"

तेव्हा हसलो, पण दिवसभर डोक्यात तेच घोळत राहिलं. का नाही झाली?

अमेरिकेतही हे जुनं नाही. घरी बिअर करणं तिथे १९७८ पर्यंत केंद्रीय कायद्यात बसत नव्हतं. त्या वर्षी अध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि घरटी वर्षाला २०० गॅलनपर्यंत मुभा मिळाली. त्याच वर्षी कोलोराडोतल्या बोल्डर गावात चार्ली पपाझियन यांनी घरगुती बिअरवाल्यांची संघटना काढली, १९७९ पासून राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. म्हणजे आधी कायदा, मग मेळा.

आमच्याकडे मात्र मेळा आधीपासून होता. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं टपटप पडतात. झाडाखालची जागा आधीच साफ केलेली असते. बायका-पोरं टोपल्या घेऊन उजाडायच्या आत रानात. फुलं वाळवायची, मग पाण्यात भिजवून काही दिवस ठेवायची. हा झाला सडवा. तो चुलीवर चढवायचा आणि वाफ थंड करून थेंब थेंब गोळा करायची. पहिली धार देवाला. गोंड-माडियांचं लग्न असो, पंडुम असो की मरण, मोहाशिवाय पुढे सरकत नसे. भामरागडकडे गोरग्याची ताडीही असते. कुणाच्या हातची चांगली हे साऱ्या गावाला ठाऊक. स्पर्धा काय वेगळी असते?

सरकारला मात्र यात महसूल दिसला. मुंबई इलाख्यात १८९२ साली थेट मोहफुलांवरच कायदा आला. ठाणे-कुलाब्याकडे फुलं जवळ बाळगण्यावरही बंधनं आली, कारण घरी गाळली तर सरकारी दारू कोण विकत घेणार?

पण सगळा दोष सरकारवर टाकून मला मोकळं होता येत नाही. माझे सख्खे काका दारूने गेले. ती देवाला दाखवलेली मोहाची नव्हती. नवसागर नि काळा गूळ घालून विकायला काढलेली होती. काकूने त्यानंतर काय सोसलं ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. अशाच बायकांच्या जोरावर गडचिरोलीत आंदोलन उभं राहिलं. डॉ. अभय आणि राणी बंग त्यात होते. १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. आमच्याकडे आहे.

त्याच राज्याने २००१ मध्ये द्राक्षाच्या वाईनसाठी खास धोरण आणलं. नाशिकला २००८ पासून सुला फेस्ट भरू लागला. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये ती वारसा पेय झाली. मध्य प्रदेशने २०२१ मध्ये मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणायचं ठरवलं. द्राक्षाला मेळा आणि मोहाला पोलिसांची धाड, हे मनाला टोचतं खरं.

भाच्याला हे सगळं सांगितलं. म्हणाला, "मामा, मग बंदी उठवायला हवी ना?" मी म्हटलं, आधी काकूला विचार. शिवाय तुमच्याकडेही बिअरला मुभा आहे, घरी गाळायला अजून केंद्रीय कायदा परवानगी देत नाही. मोह तर गाळूनच होतो.

मला वाटतं, हरवलं ते पेय नाही. हरवला तो त्याच्याभोवतीचा धाक. देवाला आधी, मग वडिलांना, मग आपण, आणि तेही सणापुरतं. तो धाक होता तेव्हा कायदा लागत नव्हता. तो सुटला आणि बायकांना रस्त्यावर यावं लागलं. मानांकनाने वा स्पर्धेने तो परत येईल का, मला शंका आहे.

असो. काकू अजूनही मोहफुलं वेचायला जाते. वाळवते आणि लाडू करते. भाच्याला म्हटलंय, पुढच्या खेपेला ये, परीक्षक तूच हो.