खंड्याची समाधी आणि शिराळ्याचा नाग

वाचकहो, साताऱ्याच्या पूर्वेला थोडे चालत गेलात की संगम माहुली लागते. कृष्णा-वेण्णेच्या काठी तिथे राजघराण्यातल्या माणसांच्या समाध्या आहेत, आणि एका कुत्र्याचीही आहे. हा शाहू महाराजांचा खंड्या. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा त्याने धन्याचा जीव वाचवला, महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असे सांगतात. कथेला तिखटमीठ किती लागले असेल ते असो. महाराज १७४९ साली वारले. कुत्र्याची आठवण अजून आहे.

पण गुरुजी, वर्गात एवढ्यावर थांबू नका. खंड्याने उपकार केले म्हणून त्याला समाधी. बैल वर्षभर राबतो म्हणून बेंदराला त्याला पुरणपोळी. ही झाली फेड. ज्याचे आपल्यावर काही देणे निघत नाही, त्या जिवाचे काय?

त्यासाठी सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला चला. नागपंचमीला जिवंत नाग पुजण्याची तिथली रीत गोरखनाथांनी घालून दिली, अशी श्रद्धा आहे. सणाआधी मंडळी रानोमाळ हिंडायची, नाग धरायची, मडक्यात ठेवायची. मग पूजा, वाजतगाजत मिरवणूक, आणि शेवटी नाग पुन्हा रानात. त्यांच्या भक्तीबद्दल मला तिळभर शंका नाही. पण जरा नागाच्या बाजूने बघा. त्याला बाहेरचा कान नाही. जमिनीचा हादरा जबड्याच्या हाडातून कळतो. त्या मिरवणुकीत त्याचे काय होत असेल? दूध हे त्याचे अन्नच नव्हे. तहानेने व्याकुळ झाला तर पितो, एवढेच. कुत्रे केकाटते, गाय हंबरते. नागाला ओरडता येत नाही, पापणीसुद्धा मिटता येत नाही. फणा काढून डोलला की आपण हात जोडतो. तो मात्र भ्यालेला असतो.

१९६० च्या कायद्याने प्राण्याला विनाकारण वेदना देणे हा गुन्हा ठरवला. तो प्राणी उपयोगी आहे का, हे विचारले नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने नाग धरण्यावर बंधन आणले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश झाले आणि शिराळ्यात प्रतिमेची पूजा सुरू झाली. जुन्या जाणत्यांना रुखरुख लागली, अन् ती खोटी नव्हती. बापाकडून मुलाकडे आलेली नाग ओळखायची नजर वाया जाणार होती ना! २०२५ साली केंद्र सरकारने ते ज्ञान नव्या पिढीला कळावे म्हणून २१ नाग धरायला परवानगी दिली. गावाला आनंद झाला. मडक्यातल्या नागाला विचारायची सोय मात्र अजून कोणाकडे नाही.