कोण होते दिलीप परुळकर? रावळपिंडीच्या कैदेतून निसटलेला भारतीय वैमानिक

ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर हे भारतीय हवाई दलातील लढाऊ वैमानिक. १९६५ आणि १९७१ ही दोन्ही युद्धं ते लढले. पण त्यांची खरी ओळख म्हणजे पाकिस्तानच्या युद्धकैदी छावणीतून केलेलं पलायन. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं.

जखमी खांद्याने विमान परत आणलं

१९६३ मध्ये ते हवाई दलात अधिकारी झाले. १९६५ च्या युद्धात शत्रूच्या गोळीबारात त्यांच्या विमानाला फटका बसला आणि उजव्या खांद्याला जखम झाली. विमान सोडून देण्याचा सल्ला तुकडीच्या प्रमुखांनी दिला. परुळकरांनी मात्र ते तळावर सुखरूप उतरवलं. त्यासाठी त्यांना वायुसेना पदक मिळालं.

कैद आणि सुटकेचा बेत

१० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचं सुखोई-७ विमान पाडलं गेलं आणि ते पाकिस्तानच्या हाती लागले. युद्ध संपलं, तरी कैद्यांची सुटका होईना. रावळपिंडीच्या छावणीत परुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांनी खोलीच्या भिंतीच्या विटा हळूहळू मोकळ्या केल्या. शाळेच्या अॅटलासवरून मार्ग ठरवला. भारताच्या सीमेवर दोन्हीकडे सैन्य होतं, म्हणून त्यांनी उलट्या दिशेची, अफगाणिस्तानची वाट निवडली.

एका नावाने घात केला

१३ ऑगस्ट १९७२ च्या पहाटेपूर्वी तिघे बाहेर पडले. बसने पेशावर आणि पुढे लंडी कोतल गाठलं. अफगाण सीमा काही किलोमीटरवर होती. तिथे त्यांनी लंडी खाना स्टेशनची चौकशी केली. नकाशात दिसणारं हे स्टेशन १९३२ मध्येच बंद झालं होतं! लोकांना संशय आला आणि तिघे पकडले गेले.

आपण पाकिस्तानी हवाई दलाचे कर्मचारी आहोत, असं त्यांनी सांगितलं. पण कुणाचाच विश्वास बसेना. तेव्हा परुळकरांनी छावणीचे आधीचे प्रमुख उस्मान हमीद यांना फोन लावायला लावला. हमीद यांनी परिस्थिती ओळखली आणि तिघांना इजा न करण्याची सूचना दिली. त्यामुळे त्यांचा जीव वाचला.

पुढे काय झालं?

१ डिसेंबर १९७२ रोजी भारतीय युद्धकैदी वाघा सीमेवरून मायदेशी परतले. पलायन फसलं होतं, तरी त्यातल्या धाडसाबद्दल परुळकरांना विशिष्ट सेवा पदक देण्यात आलं. या घटनेवर पुस्तक आणि चित्रपटही आला.