फळीवरची विश्रांती

कंबर धरली की फळीवर आडवं व्हायचं, हा माझ्या फिजिओथेरपीच्या उमेदवारीतला कायदाच. पायांना वजनं टांगलेली, उठायची बंदी.

१९८६ साली अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी ही झोप तपासायला कंबरदुखीचे २०३ रुग्ण घेतले, नसांचा ठळक बिघाड नसलेले. काहींना २ दिवस झोपायला सांगितलं, काहींना ७. दोन दिवसवाल्यांच्या रजा ४५ टक्क्यांनी कमी भरल्या. बाकी फरक नाही. पुढे १९९५ सालच्या हेलसिंकीतल्या अभ्यासाची गंमत तर और. महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांत झोपणारे मागे पडले, कंबरेचे व्यायाम करणारेही. जमेल तसं रोजचं काम रेटणारे लवकर सावरले. व्यायाम शिकवून पोट भरणाऱ्या मला हे जरा झोंबलंच! पेशंट मात्र अजून फळीच मागतात, आणि त्यांचे चिरंजीव एमआरआय.