सरसाच्या गोळ्याचे वजन

सुतार दोन फळ्या सरसाने जोडतो. फळ्या काढून घेतल्या आणि सरसच सरसाला चिकटून गोळा झाला, तर त्याचे वजन किती भरेल? कणभौतिकी हा प्रश्न पन्नास वर्षे सोडवते आहे. प्रोटॉनमधील क्वार्कांना बांधणारे ग्लुऑन एकमेकांनाही बांधतात. म्हणून निव्वळ ग्लुऑनांचा कण, म्हणजे ‘ग्लूबॉल’, संभवतो, हे १९७०च्या दशकातच लक्षात आले. त्याचे वस्तुमान मात्र कागदावर निघेना. हे बल इतके तीव्र, की नेहमीच्या आसन्नमानाच्या रीती तिथे चालत नाहीत.

वाट दाखवली केनेथ विल्सन यांनी, १९७४ साली. अवकाश-काळाची चौमिती जाळी कल्पून गाठीगाठीवर हिशेब मांडायचा. १९७९-८०च्या सुमारास मायकेल क्रॉइट्झ यांनी अशी जाळी संगणकावर चालवून दाखवली. ग्लूबॉलचा संकेत या जाळीत काळाबरोबर किती वेगाने विझतो, त्यावरून वस्तुमान काढतात. अडचण अशी, की कण जितका जड तितका संकेत लवकर विझतो. ग्लूबॉल जड, दोन-चार गाठींतच तो गोंगाटात बुडतो.

यातून एक वाद उभा राहिला. १९९३-९४च्या सुमारास ब्रिटनच्या ‘यूकेक्यूसीडी’ गटाने सर्वांत हलक्या ग्लूबॉलचे वस्तुमान १५५०±५० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट सांगितले, तर अमेरिकेतील आयबीएमच्या गटाने १७४०±७१. प्रयोगशाळांतही दोन उमेदवार होते, एक १५००च्या आसपास, दुसरा १७१०च्या. ज्याला जो कण हवा, त्याच्यासाठी तसा हिशेब तयार!

कॉलिन मॉर्निंगस्टार आणि माइक पीअर्डन यांनी १९९९ साली जाळीची वीण बदलली. अवकाशात विरळ, काळात घट्ट. संकेत विझण्यापूर्वी मोजणीला जास्त गाठी मिळाल्या. याच पद्धतीचा पुढचा मोठा निबंध २००६चा. आष्टीत घरी बसून, पदवीशिवाय, शब्दकोश जवळ ठेवून मी तो वाचला. असे निबंध इंटरनेटवर सर्वांना खुले आहेत. तेरा लेखकांत एक आडनाव ताम्हणकर. दुसरे एक लेखक नीलमणी माथुर पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. १९६० साली ‘टिफरॅक’ हा देशी बनावटीचा संगणक याच संस्थेत सुरू झाला होता.

या निबंधातला आकडा १७१०±५०±८०. पहिली त्रुटी मोजणीच्या चढउताराची, दुसरी जाळीचे माप खऱ्या एककांत बदलण्याची. १७१० दिसताच ‘सापडला’ म्हणण्याचा मोह होतो. पण या हिशेबात क्वार्कांच्या नव्या जोड्या जन्मू दिलेल्या नाहीत. तो क्वार्कविरहित जगाचा आकडा आहे. आपल्या जगात ग्लूबॉल साध्या कणांत मिसळतो, आणि दोन्ही उमेदवारांत त्याचा किती अंश आहे यावर आजही एकमत नाही. २०२४ साली चीनमधील ‘बेस-३’ प्रयोगाने ‘एक्स २३७०’ या कणाची परिवलन-समता निश्चित केली; ती त्याच २००६च्या निबंधातल्या २५६० वस्तुमानाच्या दुसऱ्या ग्लूबॉलशी जुळते. तेव्हाही बातम्यांचे मथळे शोध लागल्याचे होते.

इतिहास लिहिणाऱ्याने मथळ्यापेक्षा ± या चिन्हापुढचा आकडा आधी वाचावा. पन्नास वर्षांची खरी कमाई तिथे आहे: आपल्याला किती कळलेले नाही, हेही मोजता येऊ लागले.