सेवारोध-दोषाची दुरुस्ती
सेवारोध-दोषाची दुरुस्ती : आज्ञावली-भाषेतील ज्या वैगुण्याचा लाभ घेऊन एखादा उपद्रवी अल्प मजकुरानिशी अवघा सर्व्हर अडवून धरू शकतो, ते दूर करून त्या भाषेची पॅकेजे नव्याने वितरित करण्याची क्रिया. तलासरी तालुक्यातील वेवजीसारख्या गावच्या तलाठ्याने आपले दप्तर नावांच्या आद्याक्षरांवरून कप्प्यांत लावावे आणि कोणा खोडसाळाने एकाच अक्षराचे सहस्रावधी अर्ज दाखल करावेत, म्हणजे प्रत्येक नव्या कागदासाठी त्या कप्प्यातील आधीचे सारे चाळावे लागून कचेरीचा कारभार जसा खोळंबेल, तसाच प्रकार भाषेच्या ‘हॅश’ कोष्टकात घडतो : नोंदी दसपट झाल्या की श्रम शतपट होतात.

स्कॉट क्रॉस्बी व डॅन वॉलक यांनी २००३ मध्ये हा धोका दाखविला आणि पर्लने त्याच वर्षी उपाय योजला. इतर भाषा मात्र, डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या परिषदेत त्याचे प्रात्यक्षिक होईपर्यंत, बहुतांशी निश्चिंत राहिल्या. पीएचपीने जानेवारी २०१२ मध्ये एका विनंतीतील चलांची संख्या मूलतः १००० वर रोखली. हा इलाज लक्षणावरचा, रोगावरचा नव्हे. पायथनने एप्रिल २०१२ च्या २.७.३ आवृत्तीत कप्पा ठरविण्याच्या सूत्रात यादृच्छिक बीज मिसळण्याची सोय केली, परंतु जुन्या आज्ञावली बिघडू नयेत म्हणून ती बंदच ठेवली. ३.३ मध्ये ती आपोआप लागू झाली. तथापि ते बीज हुडकता येते असे आढळल्यावर ३.४ मध्ये (२०१४) ‘सिपहॅश’ हे बळकट सूत्र स्वीकारण्यात आले. २.७ मध्ये ही सोय अखेरपर्यंत मूलतः बंदच राहिली आणि १ जानेवारी २०२० रोजी त्या शाखेचा अधिकृत आधार संपला.