पनामा कालव्याचे दोन पगारपट

पनामा कालव्याचे काम अमेरिकेने १९०४ साली हाती घेतले. कामावर लागणाऱ्या प्रत्येकाचे नाव ‘गोल्ड’ किंवा ‘सिल्व्हर’ यांपैकी एका पगारपटावर चढे. पहिल्यावरच्यांना अमेरिकी सोन्याच्या नाण्यांत पगार मिळे, दुसऱ्यावरच्यांना पनामाच्या चांदीच्या नाण्यांत. ही पद्धत पनामा रेल्वेकडून चालत आली होती. सुरुवातीला तिचा आधार कुशल आणि अकुशल असा होता, त्यामुळे काही कृष्णवर्णीय कारागीरही गोल्ड पटावर होते. १९०६ नंतर त्यांना हळूहळू सिल्व्हर पटावर ढकलण्यात आले आणि कामाची वर्गवारी वर्णाची वर्गवारी बनली.

सिल्व्हर पटावरचे बहुतेक मजूर कॅरिबियन बेटांवरचे होते. एकट्या बार्बाडोसमधून सुमारे २०,००० पुरुष करारावर नेण्यात आले. जमैका, मार्टिनिक, ग्वाडेलूप येथूनही मजूर आले. त्यांना तासाला साधारण १० सेंट मिळत आणि दिवस दहा तासांचा असे. स्पेनहून आणलेले मजूरही सिल्व्हर पटावरच होते, पण त्यांची मजुरी तासाला २० सेंट होती.

गोल्ड पटावरच्या अमेरिकनांना फर्निचरसह फुकट घर, पगारी सुट्टी आणि आजारपणाची रजा मिळे. घराचे क्षेत्रफळ पगारावर ठरे : महिन्याच्या एका डॉलरमागे एक चौरस फूट. खिडक्या-व्हरांड्यांना डास अडवणाऱ्या जाळ्या असत. कॅरिबियन मजुरांच्या बराकीत एकेका खोलीत ७२ जण, एकावर एक तीन कॅनव्हासच्या खाटांवर झोपत. स्पॅनिश मजुरांच्या खानावळीत टेबले आणि बाकडी होती. कॅरिबियन मजुरांना थाळीत जेवण घेऊन उभ्याने किंवा बाहेर जमिनीवर बसून खावे लागे. या जाचाला कंटाळून अनेकांनी कोलोन आणि पनामा शहरात भाड्याच्या खोल्या घेतल्या. टपाल कार्यालये आणि दुकानेही पगारपटाप्रमाणे विभागलेली होती.

अमेरिकी बांधकामाच्या काळात अधिकृत नोंदींनुसार ५,६०९ माणसे रोगांनी आणि अपघातांनी दगावली. त्यांतील सुमारे ४,५०० कॅरिबियन होती. न्यूमोनिया, मलेरिया, सुरुंगांचे स्फोट आणि रेल्वेगाड्या ही त्यांच्या मृत्यूची ठळक कारणे होती.

कालवा १९१४ मध्ये खुला झाला, तरी दोन्ही पट राहिले. वस्त्या आणि शाळाही वेगळ्याच होत्या. बार्बाडोसमध्ये जन्मलेले शिक्षक विल्यम स्टाउट यांच्या नेतृत्वाखाली १९२० मध्ये हजारो सिल्व्हर कामगारांनी संप केला. तो मोडून काढण्यात आला आणि अनेकांना कालवा प्रशासनाच्या घरांतून बाहेर काढले गेले. पनामानेही या कामगारांना जवळ केले नाही. १९४१ च्या राज्यघटनेने स्पॅनिश न बोलणाऱ्या कृष्णवर्णीय स्थलांतरितांच्या मुलांचे नागरिकत्व नाकारले. १९४६ मध्ये ही तरतूद गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ ही नावे हटवून ‘अमेरिकी दर’ आणि ‘स्थानिक दर’ ही नावे आली, पण वेतनातील तफावत टिकली. एकाच वेतनश्रेणीचे आश्वासन अमेरिका आणि पनामा यांच्यातील १९५५ च्या करारात दिले गेले. १९७७ च्या करारांनी कालवा परत देण्याचे ठरले आणि ३१ डिसेंबर १९९९ रोजी त्याचा पूर्ण ताबा पनामाकडे आला.