चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

ओआरएसच्या पुडीला मराठीत ‘जलसंजीवनी’ असे नाव आहे. उर्दूत आम्ही ‘नमक-शकर का घोल’ म्हणतो, ते अधिक प्रामाणिक आहे. पण मराठी नाव मला जास्त आवडते. रामायणातली संजीवनी आणायला डोंगर उचलावा लागला होता. ही संजीवनी प्रत्येक घरात फळीवरच्या दोन डब्यांत होती आणि तरीही माणसे मरत होती.

पटकीने, म्हणजे आमच्या घरांत ज्याला हैजा म्हणतात त्याने, माणूस मरतो तो शरीरातले पाणी संपून. मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. डोळे खोल जातात, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते, लघवी बंद होते. अशा रोग्याला एकोणिसाव्या शतकातले युरोपातले डॉक्टर काय देत? पाऱ्याचे औषध, आणि वर रक्त काढत. आपल्याकडे गावोगावी मरीआईचा गाडा शिवेबाहेर जाई. ‘पोट बिघडलंय, पाणी देऊ नका’ हे तर अजूनही ऐकू येते. वरून ओतले तर खालून जाणारच, असा साधा हिशेब. हिशेब चुकीचा आहे, पण मूर्खपणाचा नाही. डोळ्यांना तसेच दिसते.

1831 मध्ये ओशॉनेसी नावाच्या तरुण आयरिश डॉक्टरने पटकीच्या रोग्यांचे रक्त तपासले आणि सांगितले, यातले पाणी आणि क्षार गेले आहेत, ते परत द्या. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये थॉमस लाटा यांनी मिठाचे पाणी शिरेतून देऊन पाहिले. काही रोगी उठून बसले. मग हा विषय जवळजवळ मागे पडला. ओशॉनेसी स्वतः कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आले आणि हिंदुस्थानात तारायंत्र घालणारे म्हणून प्रसिद्ध झाले! ज्या बंगालात पटकीचे घर, तिथेच राहून त्यांचे नाव झाले ते तारांमुळे.

पुढे सलाईन आले. पण सलाईनला बाटली लागते, सुई लागते, शिकलेला माणूस लागतो, दवाखाना लागतो. 1953 मध्ये कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी 186 रोग्यांना मीठ-साखरेचे पाणी तोंडाने देऊन ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. कोणी फारसे मनावर घेतले नाही. नंतर शास्त्रज्ञांना कारण उमगले. पटकीत आतड्याची पाणी शोषण्याची एक वाट बिघडते, पण दुसरी शाबूत राहते. त्या वाटेने साखरेचा हात धरून मीठ आत शिरते आणि मिठाच्या मागून पाणी. नुसते पाणी टिकत नाही, नुसते मीठही नाही. साखर सोबत हवी. 1968 मध्ये ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी पटकीच्या रोग्यांवर हे दाखवून दिले.

तरी मोठ्या इस्पितळांना पटेना. पटवले ते 1971 सालाने. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे हिंदुस्थानात आली. हिंदू, मुसलमान, सगळे बंगाली. सीमेवरच्या बनगावच्या दवाखान्यात दोन खोल्या, जमिनीवर रोग्यांशेजारी रोगी, आणि सलाईन संपत आलेले. डॉ. दिलीप महालनाबीस यांनी कलकत्त्यात ग्लुकोज, मीठ आणि खाण्याच्या सोड्याच्या पिशव्या भरून घेतल्या, बनगावला ते पाण्यात कालवून पिंपांत भरले आणि नातेवाइकांच्या हाती पेला दिला. पाजणारे कोण? आई, भाऊ, नवरा. जिथे शंभरात तीसजण दगावत होते, तिथे त्यांच्या देखरेखीखालच्या रोग्यांत हे प्रमाण चाराच्या खाली आले.

इथपर्यंतची गोष्ट डॉक्टरांची. मला शिक्षक म्हणून जी खरी मोलाची वाटते ती यानंतरची आहे.

स्वतंत्र बांगलादेशात फजले हसन आबेद यांच्या ‘ब्रॅक’ या संस्थेने 1980 पासून दहा वर्षे एक काम केले. तरुण बायकांच्या तुकड्या गावोगाव गेल्या आणि घरोघरी आईसमोर बसून शिकवू लागल्या: तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. आई निरक्षर, म्हणून सगळे तोंडी. घरातल्याच भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून द्यायची, आणि पाणी आईनेच कालवायचे, शिकवणारीने नाही.

काही दिवसांनी दुसरा माणूस येऊन त्यांतल्या काही घरांत आईची परीक्षा घेई. तिला मुद्दे आठवतात का, पाणी बरोबर होते का; नमुने प्रयोगशाळेतही जात. आणि शिकवणारीचा पगार ठरे आईला किती आठवते त्यावर. बी.एड.ला आम्हाला मूल्यमापनावर जाडजूड पुस्तके होती. एवढे रोखठोक मूल्यमापन त्यांत कुठे नव्हते. आमच्या शिक्षक-खोलीत हा नियम सांगून पाहा, चहाचे कप खाली ठेवले जातील.

पण पंचाईत वेगळीच झाली. आयांना पाठ होते, तरी मूल आजारी पडले की फार थोड्या घरांत ते पाणी दिले जाई. शोध घेतला तेव्हा दिसले की शिकवणाऱ्यांचाच विश्वास नव्हता. त्या स्वतः आजारी पडल्या की गोळ्या घेत. दुसरे, घरातल्या पुरुषांना कोणी काही सांगितलेच नव्हते. मग कार्यकर्त्यांना हे पाणी का काम करते ते समजावले, आणि त्या शिकवताना स्वतः घोट घेऊ लागल्या. बाजारात, शाळेत, मशिदीत पुरुषांच्या सभा झाल्या. सव्वा कोटीच्या आसपास घरांपर्यंत हे काम पोचले. परक्या गावात राहून, पायी हिंडून, ‘बायका अशा फिरतात कशा’ हे ऐकत ज्यांनी ते केले, त्यांची नावे पुस्तकांत सापडत नाहीत. डॉ. महालनाबीस यांनाही पद्मविभूषण मिळाले ते 2023 मध्ये, ऑक्टोबर 2022 मध्ये ते गेल्यानंतर.

मार्च उजाडला की मी सातवीच्या वर्गात एक तास यासाठी ठेवतो. प्रत्येकाने तीन बोटांची चिमूट कागदावर टाकायची. तीस चिमटी, तीस वेगळे ढीग. मुले हसतात, पण पुडी का बरी ते त्यांना कळते. मीठ जास्त झाले तर लहान बाळाला ते घातक ठरते. मग पुडी फोडतो. मोठी पुडी असेल तर ती सगळी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, एकाच वेळी. पेलाभर पाण्यात अर्धीमुर्धी टाकायची नाही. चोवीस तासांनंतर उरलेले ओतून द्यायचे. बाळाला चमच्याचमच्याने, उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, आणि आईचे दूध बंद करायचे नाही. बाळ मलूल पडले, पिईनासे झाले, किंवा शौचातून रक्त आले तर वाट न पाहता दवाखाना. हे वहीत लिहून घेऊ देत नाही. घरी जाऊन अम्मीला, दादीला सांगा म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी विचारतो, दादी काय म्हणाली?